‘ब्रेन मॅपिंग’मध्ये स्किझोफ्रेनिया दिसत नाही

सध्या ग्रुपांवर स्किझोफ्रेनियाबद्दल, म्हणजे भास आणि संशय निर्माण करणाऱ्या मानसिक आजाराबद्दल, एक मेसेज फिरतोय : ‘ब्रेन मॅपिंग करून मेंदूच्या लहरी तपासल्या की स्किझोफ्रेनिया सुरू होण्याआधीच पकडता येतो. रोज ४० हर्ट्झचा आवाज ऐकवा, लहरी सुधारतील, गोळ्या लागणार नाहीत.’ यातलं थोडं खरं आहे, म्हणून तर लोक फसतात.

आधी खरं काय ते. हेडफोनमधून सेकंदाला ४० वेळा, म्हणजे दर २५ मिलिसेकंदांनी एक, असा ‘टक् टक्’ आवाज ऐकवतात. डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडवर (या तपासणीला ईईजी म्हणतात) दिसतं की मेंदूच्या लहरीही तोच ताल धरतात. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये तो ताल क्षीण उमटतो, हे १९९९ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी दाखवलं. पुढे आजार नुकताच सुरू झालेल्या रुग्णांमध्येही तसंच आढळलं. झोपेत क्षणभर उमटणाऱ्या ‘स्पिंडल’ लहरीही कमी दिसतात, अगदी एकही गोळी न घेतलेल्यांतसुद्धा. म्हणजे खापर औषधांवर फोडता येत नाही.

पण हा सगळा फरक गटांच्या सरासरीतला. कित्येक रुग्णांचा आलेख निरोगी माणसासारखा असतो आणि बायपोलर आजारातही (कधी अतिउत्साह, कधी नैराश्य) ताल क्षीण होतो. त्यामुळे एका मुलाचा ईईजी बघून निदान करता येत नाही. डॉक्टर ईईजी सांगतात तो बहुधा फिट्स किंवा मेंदूची सूज नाही ना, हे पाहायला. निदान होतं ते रुग्णाशी, घरच्यांशी सविस्तर बोलून आणि लक्षणं किती काळ आहेत ते पाहून. ‘आधीच पकडतो’ म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं : धोका जास्त मानलेल्या तरुणांपैकी बहुतेकांना पुढच्या दोन-तीन वर्षांत हा आजार होत नाही. सतराव्या वर्षी कपाळावर हा शिक्का मारणं क्रूरपणाचं आहे.

आवाजाने उपचार? अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातले ४० हर्ट्झचे गाजलेले प्रयोग अल्झायमरसारखा आजार असलेल्या उंदरांवरचे. स्किझोफ्रेनियात हा आवाज तपासणीपुरताच. थर्मामीटर लावून ताप उतरत नाही.

गोळ्या सोडण्याचा सल्ला तर सर्वांत घातक. पहिल्या झटक्यानंतर औषध मनानेच बंद केलं की आजार उलटण्याचा धोका खूप वाढतो आणि उपचाराविना जितके महिने जातात, तितकं सावरणं अवघड होतं. मूल एकटं बडबडू लागलं, घरच्यांवरच संशय घेऊ लागलं, तर मॅपिंगवर पैसे घालवू नका. थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. कुठे न्यावं सुचत नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येतं.