फर्स्ट गियर आणि जिलबीचा पाक

परवा सकाळी सव्वानऊला, इंदूरच्या ऐन जवाहर मार्गावर माझी प्रीमियर पद्मिनी गाडी फर्स्ट गियरमध्ये जाईना. झालं एवढंच. पण आज तीन दिवस झाले तरी ते डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतोय.

गाडी १९८२ची, बाबांची. गियरची दांडी खाली नाही, स्टिअरिंगला चिकटलेली, आणि फर्स्टला सिंक्रो नाही. म्हणजे गाडी जरा जरी सरकत असली की फर्स्ट टाकताना 'खर्रर्र' असा आवाज येतो, दगडी जात्यात चमचा पडावा तसा. बाबांच्या काळी चालायचं हे, तेव्हा फर्स्ट लागायचा घरातून निघताना एकदा आणि सिग्नलला एखाद-दोनदा. आता जवाहर मार्गावर दर दहा फुटांना फर्स्ट लागतो. देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून आमचं नाव वर्षानुवर्षं पहिलं आलं, मान्य आहे, कचऱ्याच्या सहा डब्यांचे सहा रंग माझ्या आईला पाठ आहेत, पण रस्त्यावर सायकलला जायला जागा नाही हे कोणी मोजत नाही.

तर खर्रर्र. पुन्हा खर्रर्र. मागून हॉर्न. शेजारच्या ई-रिक्षातली शाळेची पोरं खिदळायला लागली, एकाने मोबाईल काढला. आणि समोरच्या पोह्याच्या ठेल्यावरून एक काका निघाले. बिनबाह्यांचा स्वेटर, कानाला मफलर, डाव्या हातात पोह्याची प्लेट, तिच्यावर दोन जिलब्या. ट्रॅफिक कापत सरळ माझ्या डाव्या खिडकीशी.

"अहो, तुम्ही गियर नाही टाकून राहिले, कुस्ती खेळून राहिले."

मी म्हटलं, काका, जुनी गाडी आहे, गियरबॉक्सचा प्रॉब्लेम आहे.

"कोण म्हणालं गियरबॉक्स?"

मेकॅनिक म्हणाला होता. गियरबॉक्स उतरवावा लागेल, साडेअकरा हजार. आणि तोपर्यंत आराम पडावा म्हणून १४० नंबरचं तेल भरून दिलं, त्याचे वेगळे पैसे. डिसेंबरच्या थंडीत ते तेल काकवीसारखं झालं, सकाळी दांडी हलवायलाच दोन हात लागायचे. पण हे सगळं मी काकांना का सांगत होतो? मागे हॉर्न वाजतायत, आणि मी डॉक्टरसमोर बसल्यासारखा हिस्ट्री देतोय.

काकांनी एक जिलबी उचलून माझ्या नाकासमोर धरली. "ही काय आहे?"

"जिलबी."

"नाही. ही सिंक्रोची पितळी रिंग." मग प्लेट माझ्या बॉनेटवर ठेवली (बॉनेटवर! परवाच पॉलिश केलं होतं) आणि दोन्ही हातांनी समजवायला लागले, की शाफ्ट फिरतो वेगळ्या चालीने, गियर फिरतो वेगळ्या, ही रिंग मधे घासून दोघांना एका चालीवर आणते, मग दाताला दात बसतो. "सेकंडला ही आहे. थर्डला आहे. फोर्थला आहे. आणि फर्स्टला?" असं विचारून त्यांनी जिलबी खाऊन टाकली. "फर्स्टला नाहीच! मग खर्रर्र नाही होणार तर काय आरती होणार?"

ई-रिक्षातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. रिक्षावाला म्हणाला, "सई के रिये हो काकाजी."

मग काका दार उघडून आतच बसले. म्हणाले इंजिन बंद करा. मी म्हटलं इथे? "इथेच. रोग रस्त्यात आहे तर तपासणी घरी कशाला?" केलं बंद. त्यांनी चिकट हाताने दांडी धरली, मी क्लच दाबला, आणि फर्स्ट, सेकंड, थर्ड, फोर्थ, चारही गियर लोण्यात सुरी जावी तसे गेले. "पाहिलं? गियरचा डबा खणखणीत आहे. इंजिन बंद असताना जातो, चालू असताना खरखरतो, म्हणजे क्लच पूर्ण सुटून नाही राहिला. पेडल दाबल्यावरही शाफ्ट फिरतोच आहे. आता चालू करा, आधी सेकंडला लावा, शाफ्ट थांबेल, मग फर्स्टला."

चालू व्हायला चोक ओढून तिसऱ्या झटक्याला झाली, तोवर मागच्या बसवाल्याने माझ्या खानदानाचा उद्धार केला होता. सेकंड. मग फर्स्ट. टक. आवाजसुद्धा नाही.

चीड यायचं कारण सांगतो. ही युक्ती मला माहीत होती. बाबा रोज तेच करायचे, सेकंडला नुसता हात लावून फर्स्ट. मी मागच्या सीटवरून हजार वेळा पाहिलंय. आणि ती मला आठवून दिली कुणी तर पाकाने माखलेल्या एका अनोळखी माणसाने, जो आता माझ्या गाडीत बसून म्हणत होता, "चला, रामबागेत सोडा, तुमच्या वाटेवरच आहे." वाटेवर अजिबात नव्हतं, मला सियागंजला जायचं होतं. सोडलं. वाटेत त्यांनी गाडी विकण्याचे तीन फायदे सांगितले, शिवाय प्लेट ठेल्यावर परत करायची राहिली म्हणून मलाच बोलले.

विकायचं सगळेच सांगतात. मुलगा म्हणतो ऑटोमॅटिक घ्या. २०२२मध्ये पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या नोंदणी नूतनीकरणाचे ६००चे ५,००० झाले, तेही मी भरले. पण ज्या मेकॅनिकने दोन मिनिटांत इंजिन बंद करून पाहिलं असतं तर कळलं असतं अशा गोष्टीसाठी डबा खोलायला काढला, त्याला कोणी काही म्हणत नाही. जुनी गाडी म्हणजे मालक मूर्ख, असं धरूनच चालतात. माझ्यावर प्रयोग करून हा मेकॅनिक पुढच्या गिऱ्हाईकाला 'अनुभव' म्हणून विकणार.

रविवारी गाडीखाली शिरून क्लचच्या रॉडचा नट दोन आटे फिरवला, पेडलची मोकळी चाल (फ्री प्ले) नीट केली, ते १४० काढून त्याहून पातळ ९० नंबरचं तेल घातलं. सगळं मिळून पाऊण तास, त्यातली पंचवीस मिनिटं पाना शोधण्यात. आता फर्स्ट बऱ्यापैकी जातो.

फक्त दांडी अजून चिकट आहे. दोनदा ओल्या फडक्याने पुसली. आज सकाळी दार उघडलं तर स्टिअरिंगखालून मुंग्यांची रांग वर चाललेली, थेट गियरच्या मुठीपर्यंत.