खुलासा : जखमीला ‘मेडिकल’मध्ये नेले म्हणून कोणी साक्षीदार होत नाही

वर्धा रोडवरील अपघातातील जखमीला मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) पोहोचवले, तर पोलीस तुमचे नाव लिहून घेतात आणि पुढे वर्षानुवर्षे सिव्हिल लाइन्सच्या न्यायालयात खेटे घालावे लागतात, असा संदेश नागपुरात फिरत आहे. तो चुकीचा आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 134-अ नुसार आणि त्याखालील नियमांनुसार, मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. तो स्वेच्छेने तयार झाला, तरच त्याचा जबाब घेतला जातो, आणि तोही त्याच्या सोयीच्या ठिकाणी.

मात्र याच संदेशाला कोणीतरी जोडलेले ‘न्यायालयाचे समन्सही फेकून द्या’ हे शेपूट अधिक घातक आहे. समन्स बजावले गेल्यावर हजर राहणे बंधनकारक आहे; सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिल्यास दंड होऊ शकतो आणि वॉरंटही निघू शकते. अडचण असल्यास न्यायालयाला तसे लेखी कळवावे. साक्षीदार हा आरोपी नसतो, हे वेगळे सांगावे लागते, इतकी ही भीती रुजलेली आहे. जे प्रत्यक्ष पाहिले तेवढेच सांगावे. वाहनाचा वेग आठवत नसेल, तर ‘आठवत नाही’ हेही उत्तरच आहे.