हल्कसाठी वेगळी लिफ्ट

भाच्याला सहा पूर्ण झाली आणि त्याला हल्क हवा होता. केकवर छापलेला फोटो नको, वर खोचलेलं प्लास्टिकचं बाहुलं नको. अख्खा, उभा, चिडलेला आणि खाता येणारा. वहिनीने बाहेर चौकशी केली आणि किंमत ऐकून मला फोन केला. बारशाला कानात कुर्र केलं की आत्या जन्मभराची बांधली जाते.

केक कसा केला ते थोडक्यात सांगते, कारण माझा राग तिथे नाही. धड आणि मांड्या चॉकलेट स्पंजच्या. डोकं आणि दंड कुरमुऱ्यांचे. मार्शमेलो वितळवायचे, कुरमुरे घोळायचे आणि गरम असतानाच हाताला तूप लावून वळायचे. दिवाळीला लाडू वळणाऱ्या कुठल्याही बाईला हल्कचे दंड जमतात, त्याला कोर्स लागत नाही. मधून एक लाकडी दांडी, पाटात पक्की केलेली. त्यावर दोन भाग डार्क चॉकलेटला एक भाग क्रीम असं घट्ट गनाश, कारण जुलैतल्या मुंबईत पातळ गनाश उभं राहत नाही. आणि सगळ्यावर फॉन्डंटची, म्हणजे साखरेच्या मळलेल्या गोळ्याची, लाटलेली कातडी.

रंगाने मात्र जीव घेतला. भाच्याची ताकीद होती, ‘आत्या, खरा हिरवा.’ आता खरा म्हणाल तर 1962मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी कॉमिकमध्ये हल्क आणला तेव्हा पहिल्या अंकात तो करडा होता. छपाईत करडा रंग धड येईना. या पानावर एक छटा, त्या पानावर दुसरी. म्हणून दुसऱ्या अंकापासून तो हिरवा झाला. अमेरिकेतल्या एका छापखान्याला करडा जमला नाही म्हणून मी क्रॉफर्ड मार्केटातून हिरव्या जेल कलरच्या बाटल्या आणल्या आणि पांढऱ्या फॉन्डंटमध्ये कोपरापर्यंत हात घालून बसले. पँट जांभळी. जांभळ्यातला लाल उजेडाने उडतो आणि पँट निळी पडते, म्हणून हल्कच्या कमरेला रात्रभर टॉवेल गुंडाळून ठेवला होता. सकाळी आमच्या ह्यांनी ओट्यावर हे ध्यान पाहिलं आणि चहा न मागता परत गेले.

डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी. आम्ही लालबागचे. शाळेतून येताना गणपतीच्या कारखान्याबाहेर दप्तर पाठीला लावून तासन्‌तास उभं राहायचं, एवढंच माझं कलाशिक्षण. पण भुवई कुठे मोडली की राग दिसतो, हे तिथे कळलं होतं. हल्क असा चिडलेला दिसत होता की मलाच बरं वाटलं.

तर असा तो हल्क मांडीवर घेऊन, टॅक्सीचा एसी फुल्ल करून, मी मुलुंडला दादाच्या टॉवरखाली उतरले. आणि उतरल्या उतरल्या त्याला घाम फुटला. थंड फॉन्डंटला आपली दमट हवा लागली की पाणी धरतंच. म्हणजे माझ्या हातात वेळ फार नव्हता.

‘किधर से? कौनसा ॲप?’ वॉचमनने विचारलं.

‘ॲप नाही. मी आत्या आहे. सोळाव्या मजल्यावर वाढदिवस आहे.’

त्याने मोबाइलवर काहीतरी दाबलं. वर वहिनीच्या फोनवर सूचना गेली असणार. वहिनी बिचारी फुगे बांधत होती, तिने न वाचता ‘मंजूर’ दाबलं. वॉचमनने मला स्क्रीन दाखवली. त्यावर लिहिलं होतं, डिलिव्हरी. आता सिस्टीमनेच ठरवल्यावर मी कोण बोलणारी?

‘पीछे से, सर्व्हिस लिफ्ट.’

इथे सोफ्यावरचे काका उठले. खाली बर्म्युडा, वर इस्त्रीचा शर्ट, हातात किल्ल्यांचा जुडगा. कमिटीवर असलेला माणूस चालण्यावरून ओळखू येतो.

‘काय प्रॉब्लेम आहे?’

‘काका, मी पाहुणी आहे. हा केक आहे.’

‘केक बॉक्समध्ये असतो.’

‘हा दीड फूट उंच आहे. एवढा बॉक्स मिळत नाही.’

काकांनी हल्कभोवती एक प्रदक्षिणा घातली. पाठीमागून पाहिलं. वाकून पँट पाहिली.

‘हे नक्की काय आहे?’

‘हल्क.’

‘माणूस आहे का?’

‘म्हणजे… आधी शास्त्रज्ञ असतो. मग चिडला की असा होतो.’

‘तसं नाही. माणूस मेन लिफ्टनं, सामान सर्व्हिस लिफ्टनं. साधा नियम आहे.’

‘मग मी मेन लिफ्टनं जाते.’

‘तुम्ही जा ना! तुम्हाला कोण अडवतंय? सामान तिकडनं येईल.’

‘एकटं?’

यावर काका थोडा वेळ विचारात पडले. हल्कच्या हनुवटीवरून एक हिरवा थेंब माझ्या दंडावर पडला.

मी म्हटलं, ‘गणपती आणता तेव्हा कुठल्या लिफ्टनं नेता?’

‘मेन!’ काका ताठ झाले. ‘दोन फुटांपर्यंतची मूर्ती मेन लिफ्टनं. सर्वसाधारण सभेत ठराव झालाय. मीच मांडला होता.’

‘मग ही मूर्तीच समजा. दीड फूटच आहे.’

‘शाडूची आहे का?’

‘कुरमुऱ्यांची.’

‘प्लास्टर नाही ना?’

‘नाही हो.’

‘विसर्जन?’

‘साडेसातला. घरच्या घरी. सुरीनं.’

मला वाटलं, आता हसतील. हसले नाहीत. म्हणाले, ‘ठरावात श्रींची मूर्ती असं स्पष्ट लिहिलंय. उद्या कुणी याच्या आधारावर फ्रीज आणेल.’

मी सर्व्हिस लिफ्टनं गेले.

ती इमारतीच्या मागे आहे, कचऱ्याच्या निळ्या डब्यांच्या शेजारी. पंखा नाही, आरसा नाही. पुढच्या लॉबीत कुंडीतल्या झाडालासुद्धा एसी आहे. लिफ्टमध्ये आधीच रेनकोट घातलेला एक मुलगा, पाण्याचा कॅन खांद्यावर घेतलेला दुसरा आणि घरकाम आटपून निघालेल्या एक मावशी होत्या. मावशींना खाली जायचं होतं, पण लिफ्ट वरूनच भरून आली होती आणि तशीच परत वर चालली होती. म्हणाल्या, रोजचंच आहे, उतरून परत चढायला मिळत नाही. रेनकोटवाल्या मुलाने न विचारता हल्कच्या ढोपराखाली हात धरला. ‘कुठलं ॲप, ताई?’ त्याने विचारलं. मी म्हटलं, ‘आत्या.’ त्याला ते नवीन कंपनीचं नाव वाटलं. ‘पैसे बरे देतात का?’

हसू आलं, पण पुरतं आलं नाही. क्रॉफर्ड मार्केट 1869चं. सरकारी नाव आता महात्मा जोतिबा फुले मंडई. तिच्या मुख्य दारावर लॉकवुड किपलिंग या शिल्पकाराने शेतात राबणारी माणसं दगडात कोरून ठेवली आहेत. ते साहेबांचं राज्य होतं, मला त्याचं कौतुक नाही. पण राबणारा माणूस निदान दगडाचा तरी समोरच्या दारावर होता. दादाच्या टॉवरमध्ये पोळ्या करणाऱ्या बाईंच्या हातचं सगळ्यांना चालतं, त्यांनी आरशाच्या लिफ्टमध्ये शेजारी उभं राहिलेलं चालत नाही. मला एकदा जावं लागलं तर मी एवढा थयथयाट करतेय. तो मुलगा दिवसभर त्याच लिफ्टनं वरखाली करतो आणि वर ‘उशीर झाला’ म्हणून ऐकून घेतो.

असो. वर पोचेपर्यंत हल्कचा एक कान गेला होता. भाच्याने तो कान न शोधता किंचाळून माझ्या कमरेला मिठी मारली आणि सोळा पोरांच्या जिभा हिरव्या झाल्या.

केक कापून झाला तेव्हा दारात काका. नातू पार्टीला होता, त्याला न्यायला आलेले.

‘अंडं आहे का?’

‘दंडात नाही.’

‘मग दंड द्या.’

उभ्या उभ्या दंड खाल्ला. मग दुसरा दंड खाल्ला. मिशीला हिरवं लागलं होतं, मी सांगितलं नाही.

‘छान आहे. ऑर्डरी घेता का? ह्याचा ऑगस्टमध्ये असतो. बॅटमॅन हवाय म्हणतो. काय घ्याल?’

‘किलोला दोन हजार. सर्व्हिस लिफ्टनं यावं लागणार असेल तर वर पाचशे.’

काका चावायचे थांबले. दादाने मला कोपराने ढोसत स्वयंपाकघरात नेलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, ‘अगं, कशाला दुखावतेस त्यांना? माझ्या दुसऱ्या पार्किंगचा अर्ज त्यांच्याकडेच आहे.’