सोनेरी अंगठा

आत्याला पंचाहत्तर पूर्ण होणार होती. विकतचं ग्रीटिंग ती सरळ रद्दीत टाकते, म्हणून यंदा हातानं करायचं ठरवलं. व्हिडिओतली बाई अकरा मिनिटांत कार्ड करते, त्यातच तिचं मांजर दोनदा टेबलावर येऊन जातं. मला चार संध्याकाळी लागल्या, आणि आमच्याकडे मांजर नाही.

अप्पा बळवंत चौकात 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कागद मिळाला. शाई, चिकट पॅड, कमळाचा नि 'शुभेच्छा'चा ठसा आणि सोनेरी एम्बॉसिंग पावडर बोहरी आळीत. ही पावडर ठशावर भुरभुरून गरम हवेनं वितळवली की नक्षी उठावदार होते. त्यासाठी लागणारी हीट गन मी घेतली नाही. घरात हेअर ड्रायर असताना उगाच खर्च कशाला?

आधी स्पंजिंग. भांडी घासायच्या स्पंजाचा (नव्या!) तुकडा शाईत बुडवून कार्डावर सूर्यास्त उतरवायचा. शाई आधी रद्दी कागदावर टेकवून हलकी करायची आणि मग कडेकडून आत गोल गोल फिरवत यायचं, हे मला नंतर कळलं. मी थेट मधोमध दाबला. निळा-जांभळा गोल उमटला. सूर्यास्त कसला, कार्डाला मुका मार लागल्यासारखं दिसत होतं. "कुणी मारलं त्याला?" नवऱ्यानं विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या कार्डाला आकाश बरं जमलं. त्यावर चिकट शाईनं कमळ उठवलं, पावडर भुरभुरली, कागद झटकला. पावडर फक्त कमळाला चिकटायला हवी होती. पण आकाश अजून ओलं होतं, त्यामुळे तिनं आकाशही सोडलं नाही. वर मी ड्रायर लावला. ड्रायर पावडर वितळवत नाही, उडवतो. प्राचीन काळी आपल्याकडे सोन्याचा धूर निघायचा म्हणतात. त्या संध्याकाळी तो आमच्या स्वयंपाकघरात निघाला आणि वरणावर बसला. वरण टाकून दिलं, भात वाचला.

मुकाट्यानं हार्डवेअरच्या दुकानात गेले.

"वहिनी, जुना रंग काढायचाय का?"

"नाही, कमळ काढायचंय."

त्यानं गन दिली, पण विचार करून दिली.

तिसऱ्या कार्डाला सगळं शास्त्रशुद्ध. शाई रात्रभर वाळवली. ठसा मारण्याआधी कागदावर टाल्कम फिरवली, म्हणजे पावडर भलतीकडे चिकटत नाही. घरात टाल्कम एकच, नवऱ्याची घामोळ्यांची. कार्डाला गार वास येऊ लागला. मग गन लावली. दोन-चार सेकंद काहीच घडत नाही. पावडर आपली रव्यासारखी कोरडी बसून असते. मग पाकळीच्या टोकाला ती ओलसर दिसते, दाणे एकमेकांत शिरतात आणि चकाकी रेषेवरून सरसर पुढे धावते. मागे उरते ती उठावदार, गुळगुळीत, सोन्याची पाकळी. त्या क्षणासाठी हा सगळा खटाटोप माफ आहे. फक्त तेव्हा गन बाजूला घ्यायची असते. मी बघतच राहिले. पाकळी सपाट झाली, कागद तपकिरी पडून वळला. कार्डाचा पापड झाला.

चौथं जमलं. आकाश, कमळ, खाली 'शुभेच्छा', सगळं जागच्या जागी. फक्त मधल्या काळात मी भाकरी आणि तेल घातलेली शेंगदाण्याची चटणी खाल्ली होती, आणि हात धुतले असं मला वाटत होतं. कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात माझा अंगठा सोन्यात उमटला. एकेक रेघ मोजून घ्यावी.

वाढदिवशी आत्यानं पाकीट उघडलं. सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि एकदम खूश झाली.

"अगंबाई! कुणाचं लग्न?"

"लग्न नाही गं, तुझा वाढदिवस."

"पत्रिकेसारखं उठावाचं छापलंय म्हणून म्हटलं." तिनं कार्ड उलटं-पालटं केलं. "मुहूर्त नाही, स्थळ नाही..." मग चष्मा पुढे ओढला. आत्यानं 33 वर्षं बँकेत काढली आहेत. "हा अंगठा कुणाचा?"

"माझा."

"डावा की उजवा?"

"उजवा."

"मग साक्षीदार कुठायत?" तिनं पर्समधून पेन काढलं, काकांना आणि माझ्या नवऱ्याला बोलावलं आणि अंगठ्याखाली दोघांच्या सह्या घेतल्या. तारखेसकट.