अर्ध्या शटरचं शहाणपण

जानेवारीतला रविवार, सकाळचे साडेनऊ. भाचेसुनेचा फोन. "मामा, वरच्या खोलीतला अलार्म वाजतोय. आगीचा नाही, तो दुसरा, विषारी वायूचा. धूर कुठेच दिसत नाही, वासही नाही. हा खाली गराजमध्ये गाडी गरम करत बसलाय."

मी म्हटलं, "पोराला पांघरुणासकट उचल आणि आधी बाहेर पड. त्यालाही हाक मार. मग फायर ब्रिगेडला फोन."

शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात बसून तिघांनी पाऊण तास काढला. फायर ब्रिगेडवाले मीटर घेऊन घरभर फिरले, खिडक्या उघडल्या, पंखा लावला. पोराला काही झालं नाही. भाच्याचं डोकं मात्र संध्याकाळपर्यंत ठणकत होतं. मी विचारलं, "हे खूळ तुझ्या डोक्यात घातलं कुणी?" त्याने उत्तरादाखल एक फॉरवर्ड पाठवला. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर आलेला, तिथून सांगलीला ताईकडे गेलेला आणि ताईने "अरे हे वाच, तुझ्या कामाचं आहे" म्हणून परत मिशिगनला धाडलेला. शीर्षक: "हिवाळ्यात स्पोर्ट्स कार सांभाळण्याचे 9 सोनेरी नियम". खाली हात जोडलेले दोन इमोजी आणि "अनुभवी मेकॅनिकचा सल्ला, सर्व ग्रुपवर पाठवा".

भाचा राहतो डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमध्ये. मागच्या उन्हाळ्यात त्याने 2016 ची सेकंडहँड कॉर्व्हेट, म्हणजे शेवरोलेची स्पोर्ट्स कार घेतली, पिवळी. पहिल्या कॉर्व्हेट 1953 साली इथल्याच फ्लिंट गावात बनल्या, पहिल्या वर्षी जेमतेम 300. त्यामुळे या गाडीचं वेड इथे हवेतच आहे, त्याला दोष देत नाही. दोष फॉरवर्डला.

पहिला नियम शब्दशः असा: "दर रविवारी गाडी 10 मिनिटं सुरू करून ठेवा. थंडी आत येऊ नये म्हणून गराजचं शटर फक्त एक फूट वर करा. धूर हवेपेक्षा जड असल्याने तो खालून आपोआप निघून जातो."

शेवटचं वाक्य तीनदा वाचलं. एखाद्याने बेफिकिरीने गाडी सुरू केली तर तो निष्काळजीपणा झाला. इथे निष्काळजीपणाला शास्त्राचा टिळा लावलाय. दहावीचं रसायनशास्त्र आठवा. गाडीच्या धुरातला जीवघेणा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. कार्बनचा अणुभार 12, ऑक्सिजनचा 16, एकूण 28. हवेची सरासरी सुमारे 29. म्हणजे हा वायू हवेपेक्षा जड नाहीच, किंचित हलका आहे. त्यात तो नळीतून गरम बाहेर पडतो, म्हणजे आधी वरच जाणार, मग खोलीभर मिसळणार. आणि वर काय आहे? इथल्या बऱ्याच घरांसारखी याच्याही गराजच्या डोक्यावर झोपायची खोली आहे. पोराची.

दुसरं असं की हिवाळ्यात गरम केलेलं घर चिमणीसारखं वागतं. आतली गरम हवा वरच्या फटींतून बाहेर जाते आणि तिची जागा भरायला खालून हवा ओढली जाते. गराजमधून घरात उघडणारं दार कितीही बंद केलं तरी त्याच्या कडांतून, वायरींच्या भोकांतून ही ओढ चालूच राहते. बाहेर जितकी थंडी, तितकी ही ओढ जास्त. म्हणजे हा नियम ज्या दिवसांसाठी लिहिलाय, नेमक्या त्याच दिवशी तो सगळ्यात घातक.

"पण मामा, शटर उघडं होतं ना," हे भाच्याचं पालुपद. म्हणून त्याला आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या विस्तार विभागाचं एक जुनं माहितीपत्रक वाचायला लावलं. विषय हाच: गराज आणि कार्बन मोनॉक्साइड. त्यांनी गराजचं मोठं दार उघडं ठेवून गाडी फक्त दोन मिनिटं गरम केली. गराजमधलं प्रमाण चढलं 500 पीपीएमवर, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 500. मग गाडी मागे घेऊन बाहेर काढली. दहा तासांनंतरही गराजमध्ये मोजता येईल इतका वायू शिल्लक होता. हे दोन मिनिटांचं. फॉरवर्ड दहा मिनिटं सांगतो, तेही एक फुटाच्या फटीवर.

500 म्हणजे किती, तर अमेरिकेत घरगुती अलार्मला 400 पीपीएमवर 4 ते 15 मिनिटांत वाजावंच लागतं, असा मानक आहे. 70 पीपीएमवर तोच अलार्म तास-चार तासही गप्प बसू शकतो. म्हणजे अलार्म वाजला नाही याचा अर्थ सगळं आलबेल आहे असा नाही. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटीहून जास्त घट्ट धरतो. लक्षणं डोकेदुखी, मळमळ, गळाल्यासारखं वाटणं. जानेवारीत हे झालं तर आपण काय म्हणतो? "सर्दी झालीय, आल्याचा चहा घे." आणि त्याच घरात आणखी घोंगडी ओढून पडतो.

ग्रुपवर एकाने लगेच ज्ञान पाजळलं की आताच्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा डबा असतो, धूर स्वच्छ असतो. असतो, तापल्यावर. तो काम करायला लागतो साधारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसच्या पुढे. थंड इंजिन सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं पेट्रोल मुद्दाम जास्त जातं आणि कन्व्हर्टर गार असतो. सगळ्यात घाण धूर त्याच मिनिटांत पडतो.

बरं, जीव धोक्यात घालून गाडीचं तरी भलं होतं का? तेही नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की अंदाजे एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. गाडी रस्त्यावर अर्धा तास पळाली की सगळं तापतं आणि ही वाफ निघून जाते. उभ्या उभ्या दहा मिनिटं घुरघुरली तर सायलेन्सरमध्ये, इंजिनच्या तेलात तिचं पाणी होतं आणि पुढच्या रविवारपर्यंत तिथेच बसतं. तेल पुरतं तापत नाही, त्यात थोडं पेट्रोलही उतरतं. स्टार्टरने बॅटरीतून जे ओढलं ते परत भरायलाही एवढा वेळ धड पुरत नाही. थोडक्यात, झोपलेल्या माणसाला दर तासाला हलवून "झोप लागली का?" विचारायचं.

ही सवय आली कुठून ते मला माहीत आहे. पुण्यात माझ्या वडिलांची चेतक होती. थंडीत सकाळी ती आडवी करायची, चोक ओढायचा, किका मारायच्या, सुरू झाली की वाड्याच्या अंगणात घुरघुरत ठेवायची. कार्ब्युरेटर, साधं तेल, उघडं अंगण. तिथे ते ठीक होतं. लॉकडाऊनमध्ये 2020 साली "गाडी अधूनमधून सुरू करत जा" हा सल्ला तर घराघरात गेला. बॅटरी मरू नये म्हणून सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये दिलेला तो सल्ला, त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं म्हणत नाही. पण तोच उचलून मिशिगनच्या बंदिस्त, घराला चिकटलेल्या गराजमध्ये आणायचा म्हणजे कमालच झाली.

दुसरा नियम: "कॉर्व्हेटची बॉडी फायबरची असते, त्यामुळे मिठाने गंजत नाही. रस्ता कोरडा दिसला की बिनधास्त काढा." इथे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. कॉर्व्हेटची बॉडी 1953 पासून फायबरच्या जातीचीच आहे आणि याच्या पिढीच्या गाडीची फ्रेमही अॅल्युमिनियमची. पत्र्याला भोकं पडायची नाहीत. पण ब्रेकच्या डिस्क ओतीव लोखंडाच्या आहेत, बोल्ट पोलादाचे. पोलादी बोल्ट अॅल्युमिनियमला टेकतो आणि मध्ये मिठाचं पाणी येतं, तेव्हा तिथे छोटी बॅटरीच तयार होते आणि ती अॅल्युमिनियम खात सुटते. आणि "कोरडा" रस्ता म्हणजे काय, तर पांढरट रस्ता. ती पांढरी पूड मीठच आहे. डेट्रॉइटच्या पोटात, जमिनीखाली साधारण 1,200 फुटांवर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मिठाची खाण आहे. या गावाला मिठाची टंचाई कधी पडायची नाही.

टायरचा नियम मात्र गाडीच्या आणि रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाशी खेळतो, म्हणून त्यावर थांबतो. "बर्फ नसेल तर उन्हाळी टायर चालतात." प्रश्न बर्फाचा नाही, रबराचा आहे. उन्हाळी टायरचं रबर थंडीत कडक होतं. पाचेक अंशांच्या खाली त्याची पकड ढासळते, रस्ता ठणठणीत कोरडा असला तरी. यावर माझं ऐकू नका, शेवरोलेने गाडीसोबत दिलेली पुस्तिका वाचा. तिथे लिहिलंय की उणे 7 अंशांच्या खाली या टायरना तडे जाऊ शकतात. टायर इतके गारठले असतील तर गाडी हलवण्याआधी त्यांना 5 अंशांच्या वरच्या उबदार जागेत किमान 24 तास ठेवा, आणि थेट गरम हवा मारू नका. डेट्रॉइटमध्ये जानेवारीतल्या रात्रीचं सरासरी किमान तापमानच उणे 7 च्या आसपास असतं. म्हणजे गाडी बाहेर उभी असेल तर "बर्फ नाही, जरा चक्कर मारू" म्हणून ड्राइव्हवेतून मागे घेणंसुद्धा टायरला महागात पडू शकतं. भाच्याने हेअर ड्रायर आणला होता. परत ठेवायला लावला.

मग स्पोर्ट्स कार हिवाळ्यात चालवायचीच नाही का? चालवा की. हिवाळी टायरचा वेगळा संच घाला, दर आठवड्याला खालून धुवा, आणि निघालात तर अर्धा-पाऊण तास नीट पळवा. नाहीतर नीट झोपवा.

बाकीचं भराभर.

"बॅटरी काँक्रीटवर ठेवली की उतरते, लाकडी पाटावर ठेवा." आजोबांच्या काळात बॅटरीची पेटी लाकडाची किंवा कडक रबराची असायची, तेव्हा त्यात काही अर्थ असेल. आता ती प्लास्टिकची असते. पाटावर ठेवा, चौरंगावर ठेवा, हळदकुंकू वाहा, फरक पडत नाही. फरक चार्जने पडतो. पूर्ण भरलेली बॅटरी उणे 50 लाही गोठत नाही, पूर्ण उतरलेली उणे 7-8 ला गोठून फुटू शकते. तिला लावायचं ते बारीक करंटचं मेंटेनर यंत्र, भिंतीच्या प्लगला. ते एक लावलं की रविवारच्या घुरघुरीचं शेवटचं निमित्तही संपतं.

"टाकी रिकामी ठेवा, पेट्रोल खराब होतं." खराब होतं हे खरं. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओल ओढून घेतं. पण म्हणूनच टाकी भरलेली हवी, म्हणजे आत ओली हवा राहायला जागाच उरत नाही. सोबत पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर घालायचं आणि ते सगळ्या नळ्यांत पोचावं म्हणून ठेवण्याआधी थोडी गाडी चालवायची. रस्त्यावर, गराजमध्ये नाही.

"टायरमधली हवा कमी करा." उलट. थंडीत दर साडेपाच अंशांमागे साधारण एक पीएसआय हवा आपोआप उतरते. त्यात तुम्ही आणखी काढलीत तर टायर बसून एका बाजूला चपटा होईल. थोडी जास्त भरा, टायरवर लिहिलेली मर्यादा ओलांडू नका.

"हँडब्रेक घट्ट ओढून ठेवा." याच्या गाडीत ओढायला दांडाच नाही, बटण आहे. यावरून फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ही गाडी कितपत पाहिली असेल ते कळतं. तरीही, ब्रेक लावून महिनोन्महिने ठेवला तर पॅड डिस्कला चिकटू शकतात. पहिल्या गिअरमध्ये टाका आणि चाकांना ठोकळे लावा.

प्लास्टिकची ताडपत्री घालायला सांगितलीय, ती नको, आत घाम धरतो. सुती कव्हर घाला.

आणि उंदरांसाठी डांबराच्या गोळ्या. घाला, पण एप्रिलमध्ये गाडीत बसाल तेव्हा आजीच्या ट्रंकेत बसल्यासारखं वाटेल, आणि तो वास सीटमधून जाता जात नाही. एक्झॉस्टच्या तोंडात स्टील वूलचे बोळे कोंबले तर उंदीर आत शिरत नाहीत. भाच्याने चारही नळ्यांत कोंबले. मेंटेनर लावला, ठोकळे लावले, किल्ली भाचेसुनेने काढून घेतली. आता स्टिअरिंगवर तिच्या अक्षरातली पिवळी चिठ्ठी चिकटलेली आहे: "आधी बोळे काढ. मग शटर पूर्ण वर. मग मला विचार."