१२.४ की २.१? दादा, तुमच्या तक्रारीवर आमचं उत्तर

दादा, नमस्कार. एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय, "एकाच शेणात यांना १२.४ टक्के प्रोटीन सापडलं, दुसऱ्या लॅबला २.१. यांच्या आकड्यावर सरकी पेंड कमी केली, गाय दोन लिटरनं आटली. नुसती लूट."

आधी आमची चूक. १२.४ हा आकडा कोरड्या वजनावरचा आहे, आणि रिपोर्टवर ते कुठंच छापलेलं नव्हतं. तुम्ही टाकलेल्या फोटोत दुसऱ्या लॅबनं ओलावा ८३ टक्के लिहिलाय. म्हणजे शंभर किलो शेणात कोरडं सतराच किलो. त्याचे १२.४ टक्के काढून बघा, २.१ किलोच येतात. मोजमाप दोघांचं जुळतंय, पण कागद बघून हे कुणाला कळावं? तुमची फी परत करतो.

दुसरी चूक म्हणजे तो नमुना आम्ही घेतलाच कसा. आमच्या पोरानं रजिस्टरला लिहिलंय, "पिशवी फुगलेली, उग्र वास." मे महिना, अहमदपूरहून उदगीरपर्यंत एसटीचा प्रवास. सुतळी सोडली तर डोळे चुरचुरले. तो अमोनिया. गोठ्याच्या फरशीवरून शेण उचललं की मूत येतंच, आणि मुतातल्या युरियाचा शेणातले जंतू काही तासांत अमोनिया करतात. आमची केल्डाल पद्धत (गंधकाम्लात मोरचूद टाकून नमुना नितळ होईपर्यंत उकळायचा, ती) मुळात प्रोटीन मोजतच नाही, नायट्रोजन मोजते. त्याला ६.२५ नं गुणलं की झालं प्रोटीन. १८८३ साली डेन्मार्कमधल्या एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत धान्यासाठी निघालेली पद्धत ही. मुतातला नायट्रोजन कुठला अन् प्रोटीनमधला कुठला, तिला कळत नाही. पोरानं पिशवी तिथंच परत करायला पाहिजे होती.

पेंडीचं मात्र पटलं नाही. शेणात प्रोटीन निघालं म्हणजे पेंड वाया चालली, असं नसतं. त्यातला बराच भाग पोटातल्या जंतूंचा आणि आतड्याच्या झिजेचा असतो, कितीही चांगला खुराक घाला, तो निघणारच. खुराकातलं जास्तीचं प्रोटीन बाहेर पडतं ते मुख्यतः मुतातून. त्याचा अंदाज घ्यायचा तर दुधातला युरिया तपासावा. पेंड कमी करा असं आम्ही म्हणालो नव्हतो. करू नका असंही कुणी बोललं नाही, हेही खरं.

पुन्हा तपासून देतो, पैसे नकोत. चार-पाच गायींचं शेण हातमोजा घालून पडायच्या आधीच घ्या. जमलं नाही तर ताज्या पोच्या वरचं, जमिनीला न लागलेलं घ्या. डब्यात घालून बर्फात ठेवा, त्याच दिवशी आणा. सोबत गव्हाणीतला चारा अन् पेंडही मूठ-मूठ आणा. शनिवारी दुपारनंतर तेवढं येऊ नका, रविवारी बंद असतं आणि फ्रीज आधीच भरलेला आहे.