आप्पा, रेड ऑक्साइडचं चुकलंच, पण जीआय पत्रा हे उत्तर नाही

आप्पा, राम राम. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. टिपिंग ट्रॉलीच्या, म्हणजे जॅकने हौदा उचलून माल ओतणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या लेखात मी "रेड ऑक्साइडचे दोन हात मारा" असं लिहिलं, तुम्ही तसंच केलं, आणि तिसऱ्याच वर्षी तळाचा पत्रा पापडासारखा उडाला. जीआय पत्रा (जस्ताचा थर दिलेला) घ्या असं का सांगितलं नाही, रंगवाल्याचं कमिशन आहे काय, असं तुम्ही विचारलंत. कमिशन असतं तर चोपड्याहून जळगावला एसटीने कशाला गेलो असतो!

रेड ऑक्साइडचं मात्र खरं. ते अस्तर आहे, त्यातून पाणी आत झिरपतं. वर एनॅमलचे दोन हात हवेतच, आणि ते मी लिहिलं नाही. शिवाय नव्या पत्र्यावर निळसर काळी खपली असते. ती घासून काढली नाही तर रंग खपलीला चिकटतो, पत्र्याला नाही. मग दोन्ही मिळून सुटतात.

जीआयचं पटत नाही. वेल्डिंग केलं की जोडावरचा जस्ताचा थर जळतो, म्हणजे गंज जिथे हमखास लागतो तीच जागा उघडी पडते. त्या धुराने वेल्डरला ताप भरतो ते वेगळंच. जस्त द्यायचंच तर हौदा जोडून झाल्यावर अख्खा ४५० अंशांच्या आसपासच्या वितळलेल्या जस्तात बुडवावा लागतो. एवढा मोठा हौदा तापला की पत्र्याला बाक येण्याची भीती, आणि खर्च आपल्याला परवडणारा नाही.

आता तुम्हीच लिहिलेली एक गोष्ट: ट्रॉलीत शेणखत, आणि केळीसाठी लाल पोटॅश. आप्पा, पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊबंद. पावसाळ्यात दमट हवा लागली की तो ओलसर होतो आणि लोखंडाला खात बसतो. आपल्याकडे ट्रॉली पावसाने कमी कुजते, आत राहिलेल्या मालाने जास्त.

हे मी पैसे घालवून शिकलो. एका वर्कशॉपमधून जुनी ट्रॉली घेतली, नवा रंग, बाहेरून नवरीसारखी. घरी आणून तळाच्या कोपऱ्यात पेचकस टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला. तळ आणि बाजूचा पत्रा वेल्डिंगच्या नुसत्या सुट्या टाक्यांनी जोडलेला, मधल्या फटीत खताचा चुरा दगडासारखा घट्ट. नवी बघायला जाल तेव्हा पत्रा किती गेजचा हे सगळेच विचारतात. तुम्ही कोपऱ्यातून बोट फिरवा. सलग वेल्डिंग हवं. तळ १० गेजचा, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास असला तर उत्तम.

दुसरं, जॅक हौदा किती अंशांपर्यंत तिरपा उचलतो. कोरडी वाळू ३५ अंशांच्या आसपास घसरते, पण ओलं शेणखत किंवा तलावातला गाळ तेवढ्यावर हलत नाही. ४५-५० अंश मिळाले तर तळ साफ होतो, नाहीतर शेवटी फावडं घ्यावंच लागतं आणि कोपरा तसाच राहतो. कापसासाठी वाढवलेल्या उंच फाळक्यांपर्यंत (हौद्याच्या कडेच्या भिंती) मात्र वाळू भरू नका. ओल्या वाळूचा एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, पाच टनांच्या आसपास जातो, चेसिसला ते पेलायला हवं.

पावसाळ्यात हौदा उचलून ठेवतो असं तुम्ही लिहिलंत. तसं नको. जॅकचा चकचकीत दांडा उघड्यावर राहिला की त्यावर गंजाचे बारीक खड्डे पडतात, तेच सील फाडतात आणि तेल गळतं. त्यापेक्षा हौदा खाली, पुढचा जू (ट्रॅक्टरला जोडायचा दांडा) लाकडी ठोकळ्यावर उंच, मागचा फाळका उघडा. पाणी आपोआप निघून जाईल. आणि उचललेल्या हौद्याखाली टेकू न लावता कुणी जायचं नाही, पोरांना तर दारातूनच हाकला.

जळकं ऑइल फासण्याबद्दल विचारलंत. धूळ चिकटते, पुढे रंग धरत नाही. त्यापेक्षा खताची खेप झाली की त्याच दिवशी धुवून उन्हात सुकवा. आपल्याकडे ऊन फुकट आहे.

तुमची ट्रॉली अजून दारात असेल तर फाळका उघडून कोपऱ्याचा फोटो टाका. टाके आहेत की सलग वेल्डिंग, ते बघू. तळ बदलावा लागला तरी चेसिस वाचेल.